हृदयविभागातली दातांची खुर्ची

घरात तिला सगळे लिंबू म्हणत. लहानपणी गल्लीतल्या प्रत्येक खेळात ती सर्वांत धाकटी, म्हणून कायमची लिंबूटिंबू. तिच्यावर राज्य यायचं नाही, ती बाद झाली तरी कुणी धरायचं नाही. पुढे ती हृदयाची डॉक्टर झाली, हजारो छात्यांवर तिने स्टेथोस्कोप टेकवला, केस पांढरे झाले, चोपन्न वर्षं उलटली, तरी नाव काही सुटलं नाही.

खरं सांगायचं तर हॉस्पिटलातही तिची गत फार वेगळी नव्हती. हृदयविभागातले बाकीचे डॉक्टर तुंबलेल्या रक्तवाहिनीत तार सरकवत, फुगा फुगवत, जाळी बसवत आणि तासाभरात माणसाला उठवून बसवत. लिंबूही ते काम करायची आणि चांगलं करायची. पण तिचा जीव अडकला होता प्लेटलेटमध्ये. रक्तातले हे बारीक कण. कुठे कापलं, खरचटलं की त्या धावत येतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवून टाकतात. मोठ्या गुणाच्या. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत काही कापलेलं नसताना त्यांनी असाच घोळका केला, तर माणूस छाती धरून खाली बसतो. लिंबू वीस वर्षं एकच प्रश्न घेऊन बसली होती: या उगाच का धावतात? यांना भडकवतं कोण?

तिचं म्हणणं असं, की शरीरात कुठेतरी दाह धुमसत असतो. बारीकशी सूज, बाहेरून न दिसणारी. तिची वर्दी रक्तातून फिरते आणि प्लेटलेट घाबरून पळत सुटतात.

विभागप्रमुखांना हे पटत नव्हतं असं नाही, त्यांना त्यात रसच नव्हता. उंच, काटकुळा, इस्त्रीच्या घडीसारखा माणूस. ते म्हणत, "डॉक्टर, नळ तुंबला की आपण मोकळा करतो. पाणी काय विचार करत होतं हे विचारत बसत नाही." आणि लिंबूला त्यांनी प्रयोगशाळा म्हणून जिन्याखालची खोली दिली होती. एका बाजूला धोबीखातं, दुसऱ्या बाजूला मोडक्या व्हीलचेअर. दुपारी चादरी धुणारी यंत्रं सुरू झाली की टेबलावरच्या काचेच्या नळ्या किणकिण वाजायच्या.

त्या खोलीत तिच्या जोडीला काका होते. काका म्हणजे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, निवृत्तीला तीन वर्षं उरलेले. रक्त घुसळायचं, वरचा पिवळा भाग काढायचा, त्यातून उजेड सोडायचा आणि प्लेटलेट किती चिकटतात त्याची रेघ कागदावर उमटवायची, हे काम ते अशा निगुतीने करत की बघणाऱ्याने श्वास रोखावा. बोलणं मात्र अगदी मोजकं. "चिकटल्या" आणि "नाही चिकटल्या" एवढ्या दोन शब्दांवर काकांचे कित्येक दिवस निघत.

त्या वर्षी लिंबूकडे चाळीस रोगी होते. सगळ्यांना एकेकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. दर गुरुवारी त्यांतले दहा जण रक्त द्यायला यायचे. चाळिसांपैकी अकरा जणांच्या प्लेटलेट अशा काही चिकटत होत्या, की नळीत त्यांना चिथावणारं औषध घालायच्या आधीच गोळा. दाहाचा आकडाही चढलेला. लिंबूने त्या अकरा जणांचे सांधे तपासले, फुप्फुसं तपासली, लघवी तपासली, पायांच्या बोटांमधल्या फटीसुद्धा सोडल्या नाहीत. आठ महिने गेले. हाती काही लागलं नाही.

आणि मग एका गुरुवारी ताई आली.

ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण, दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानाच्या वर. लिंबू आदल्या संध्याकाळी ताईच्या घरी चष्मा विसरली होती, तो द्यायला ताई जिन्याखाली उतरली. बाहेर बाकांवर रोगी टोकन घेऊन बसले होते. सात नंबरचे गृहस्थ निवृत्त बसचालक होते, चांगले धिप्पाड. ताईने त्यांना विचारलं, "डॉक्टर आत आहेत का?"

"आहेत, पण नंबर लावा," ते म्हणाले. "मधे घुसणाऱ्यांना मी तीस वर्षं बसमध्ये घेतलं नाही, इथे तर मुळीच घेणार नाही." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते मनमोकळं हसले.

ताईच्या कपाळाला आठी पडली. "तोंड उघडा," ती म्हणाली.

दातांच्या डॉक्टरच्या आवाजात काय असतं कोण जाणे. धिप्पाड गृहस्थांनी निमूटपणे आ केला. ताईने मोबाईलचा उजेड पाडला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे देवा. किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"ब्रश करताना रक्त यायला."

"ते सगळ्यांनाच येतं ना?"

ताईने मागे वळून आठ नंबरकडे पाहिलं. आठ नंबरने न सांगता तोंड उघडलं. 

लिंबू बाहेर आली तेव्हा दहाच्या दहा रोगी ओळीने आ वासून बसले होते आणि ताई चष्म्याच्या डबीवर पेनने खुणा करत होती. "लिंबे," ती म्हणाली, "तू यांच्या पायाच्या बोटांपर्यंत गेलीस. तोंडात कधी डोकावलीस का? तिघांना असा पायरिया आहे की हिरड्या दाबल्या तर पू येतोय. हा दाह नाही तर काय आहे?"

लिंबूच्या पायांखालची फरशी हलली, आणि त्या वेळी धोबीखातं बंद होतं. हिरड्या. तळहाताएवढी सुजलेली जागा, वर्षानुवर्षं उघडी, घासाघासाला रक्तात काहीबाही सोडणारी. इतर देशांतल्या कुणीकुणी यावर लिहिलं होतं, तिने वाचलंही होतं, आणि वाचून पान उलटलं होतं. ती डबीकडे झेपावली. तेवढ्यात काका दारात आले आणि त्यांनी त्या दिवशीचं त्यांचं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं.

"मॅडम, डबी ताईंकडेच राहू द्या. चाळीसही जण बघून होईपर्यंत माझी यादी आणि ताईंची यादी एकत्र येणार नाही. आणि तुम्ही गुरुवारी या बाकांकडे फिरकायचं नाही."

"मी का नाही?"

"तुमच्या तोंडावर सगळं दिसतं. ते अकरा कोण, ताईंना कळेल."

हे खरं होतं. लिंबूला लपवाछपवी कधीच जमली नाही; पत्ते खेळताना एक्का आला की तिचे कान लाल व्हायचे. म्हणून पुढचे तीन गुरुवार ताईने दवाखाना दुपारपर्यंत बंद ठेवला आणि ती जिन्याखाली येऊन तोंडं तपासत बसली, आणि लिंबू तिसऱ्या मजल्यावर अस्वस्थ येरझाऱ्या घालत राहिली. त्या तीन आठवड्यांत तिने एका रोग्याचा रक्तदाब दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा लिहायला विसरली. शेवटी परिचारिकेने तिच्या हातातून यंत्र काढून घेतलं.

चौथ्या गुरुवारी काकांनी दोन्ही याद्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, पट्टी लावली आणि वरून खाली एकेक नंबर जुळवत गेले. ताईच्या यादीत वाईट हिरड्यांची बारा माणसं होती. काकांच्या यादीत चिकट प्लेटलेटची अकरा.

"दहा," काका म्हणाले.

"दहा काय?" लिंबूने विचारलं.

"दहा जण दोन्हीकडे आहेत."

लिंबू खोलीबाहेर पडली. आधी चालली, मग भरभर चालली, मग धावलीच. एका पायातली चप्पल व्हीलचेअरच्या अडगळीत राहिली. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून, रस्ता ओलांडून, चपलांच्या दुकानावरून ती गेली तेव्हा दुकानदाराने तिच्या पायाकडे पाहिलं आणि गिऱ्हाईक येतंय असं समजून स्टूल पुढे केलं. ती वर दवाखान्यात शिरली. ताई एका बाईंची दाढ काढत होती.

"दहा," लिंबू धापा टाकत म्हणाली. 

ताईच्या हातात दाढ होती. तिने बहिणीकडे पाहिलं, दाढेकडे पाहिलं, आणि दोघी अशा हसत सुटल्या की खुर्चीतल्या बाई घाबरल्या. "माझ्या दाढेत एवढं हसण्यासारखं काय आहे?" त्या कापसातून कशाबशा म्हणाल्या. लिंबूने त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांना प्लेटलेट म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. बाईंना ते इतकं आवडलं की त्या दुखायचंच विसरल्या.

पण दहा जणांची जुळणी म्हणजे पुरावा नव्हे, हे लिंबूला चांगलं ठाऊक होतं. वाईट हिरड्यांची माणसं विड्याही जास्त ओढत असतील, जास्त काळजी करत असतील, कमी झोपत असतील. हिरड्या बऱ्या केल्यावर प्लेटलेट शांत होतात का, हे पाहायला हवं होतं. त्यासाठी ताई हवी होती, आणि ताईची खुर्ची.

"हृदयविभागात दातांची खुर्ची?" प्रमुख म्हणाले. त्यांच्या भुवया कपाळात गेल्या.

"जिन्याखाली, सर. कुणाला दिसणारही नाही."

"ऐकू येईल. त्या यंत्राचा आवाज ऐकून माझे रोगी जागच्या जागी दगावतील."

तरी त्यांनी साठ रोग्यांपुरती परवानगी दिली. बहुधा लिंबू समोरून हलावी म्हणून. ताईकडे जुनी एक खुर्ची पडून होती. ती हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये मावेना, म्हणून धोबीखात्यातल्या चौघांनी ती माल आणायच्या उतारावरून गडगडवत आणली. उतारावर तिचा खटका सुटला, ती आडवी झाली आणि लिंबू, जी नुसता हात लावून चालत होती, ती थेट तिच्यावर पडून खुर्चीसकट खाली आली. समोरून शिकाऊ डॉक्टरांचा घोळका येत होता. लिंबूने आडवं पडल्या पडल्या त्यांना नमस्कार केला.

मग खरं काम सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी बहिणींचं वाजलं.

लिंबूची मांडणी साधी होती. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. निम्म्यांच्या हिरड्यांवर आज उपचार, निम्म्यांच्या सहा आठवड्यांनी. मधल्या काळात दोन्ही गटांचं रक्त तपासायचं. काकांना कोण कुठल्या गटात ते सांगायचं नाही.

"म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर पू दिसतोय आणि मी हाताची घडी घालून बसायचं?" ताई म्हणाली.

"सहा आठवडे फक्त. वर्षानुवर्षं बसलेत ते तसे."

"माझ्याकडे आले नव्हते तोवर. आता आलेत."

"ताई, सगळ्यांना आजच बरं केलंस तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळणार नाही."

"तुला कळण्यासाठी त्यांनी दुखणं काढायचं?"

दोघींचंही खरं होतं, आणि म्हणूनच भांडण मिटेना. चार दिवस दोघी त्या एवढ्याशा खोलीत एकमेकींना पाठ लावून बसल्या आणि बोलल्या त्या काकांमार्फत. "काका, त्यांना सांगा, त्यांचा कोपर माझ्या नळ्यांना लागतोय." "काका, त्यांना विचारा, कोपर कापून ठेवू का?" काका निरोप तिकडून इकडे शब्दशः पोचवत, तेही मधे अर्धा हात अंतर असताना. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं काही घातलं. 

"दोघींना सांगतो," ते म्हणाले. "ज्यांना दुखतंय त्यांच्यावर आजच उपचार करा आणि त्यांना मोजणीतून काढा. ज्यांना दुखत नाही त्यांना सगळं सांगून विचारा, थांबाल का. नाही म्हणाले तर सोडा. मला आता घसा बसलाय."

बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. हे दोघींनाही सुचलं नव्हतं, आणि सुचलं नव्हतं याची दोघींनाही लाज वाटली. साठांतल्या अकरा जणांना दुखत होतं. ताईने त्यांचं काम त्याच आठवड्यात उरकलं. बाकीच्यांतले दोघे सोडून सगळे थांबायला तयार झाले. सात नंबरचे बसचालक म्हणाले, "थांबणं मला नवीन नाही. सिग्नलवर निम्मं आयुष्य गेलंय."

काम जोरात चालू झालं. पण अकरा आणि दोन वजा जाता साठांतली माणसं उरली थोडी. आकडेवारी बघणारी तरुण बाई, जिला सगळे आकडेवाली म्हणत, तिने स्पष्ट सांगितलं: आणखी साठ मिळाले नाहीत तर निकालात दम नाही. परवानगीसाठी पुन्हा प्रमुखांकडे जायला हवं होतं. लिंबू आठवडाभर प्रमुखांना शोधत होती आणि प्रमुख तिला चुकवत होते.

ते सापडले एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. लिंबूने जिन्याखालच्या खोलीचं दार ढकललं तर खुर्चीत आडवे प्रमुख, गळ्यात निळं फडकं, दोन्ही गालांत कापूस, आणि ओठाच्या कोपऱ्यातून थुंकी ओढणारी नळी लोंबतेय. ताई त्यांच्या खालच्या दातांमागचं किटण खरवडत होती.

"दार लाव," ताई शांतपणे म्हणाली. "हे त्यांच्या एका मित्राच्या हिरड्यांबद्दल विचारायला आले होते. मी म्हटलं, मित्र येईपर्यंत तुमच्याच बघू."

प्रमुखांनी डोळे मिटून घेतले. लिंबूला हसू असं दाटून आलं की तिने गाल आतून चावले. पण अशी संधी पुन्हा कुठली यायला.

"सर, आणखी साठ रोगी लागणार आहेत. घेऊ ना?"

"अंऽ," प्रमुख म्हणाले.

"आणि काकांना मदतीला एक माणूस."

"अंऽऽ." या वेळी मान हलली. ताईचं म्हणणं, आडवी हलली. लिंबूचं म्हणणं, उभी. लिंबूने खिशातला अर्ज काढून त्यांच्या हाताखाली धरला. प्रमुखांनी एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं, मग ताईच्या हातातल्या टोकदार हत्याराकडे पाहिलं, आणि सही केली. 

पुढच्या आठवड्यात ते तिला व्हरांड्यात भेटले. "मी हो म्हणालो नव्हतो," ते म्हणाले.

"सर, सही फाडून टाकू का?"

"नको," ते म्हणाले. "आज ब्रश करताना रक्त आलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा." आणि घाईघाईने निघून गेले.

निकालाला आणखी सव्वा वर्ष लागलं. शेवटी एका शुक्रवारी दुपारी पाचव्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. लांब टेबल, पाण्याचे पेले, भिंतीवर आजवरच्या विभागप्रमुखांच्या तसबिरी, सगळे गंभीर. काका नवा शर्ट घालून आले होते आणि त्याची टाचणी काढायची राहिली होती. आकडेवालीने कोण कुठल्या गटात त्याचं बंद पाकीट फोडलं, काकांचे आकडे त्यांवर बसवले, लॅपटॉप फिरवला. लिंबूने ताईचा हात टेबलाखाली असा आवळला की ताई कळवळली.

"ज्यांच्यावर आधी उपचार झाले," आकडेवाली वाचू लागली, "त्यांचा दाहाचा आकडा सहा आठवड्यांत निम्म्यावर आला. प्लेटलेटची चिकटण्याची ओढ एक तृतीयांशाने उतरली. जे थांबले होते त्यांच्यात काही फरक नाही. मग त्यांच्यावर उपचार झाले, आणि तेही उतरले."

प्रमुख लॅपटॉपवर वाकले.

"पण सगळे नाहीत," ती पुढे म्हणाली. "सतरा जणांच्या हिरड्या बऱ्या झाल्या, प्लेटलेट मात्र तशाच. आणि याने झटके कमी येतील का, हे यातून सांगता येत नाही. त्याला हजारो माणसं आणि दहा वर्षं लागतील."

"काका," प्रमुख गंभीरपणे म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

काका उठून उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. सगळे पुढे झुकले.

"नाही चिकटल्या," काका म्हणाले आणि खाली बसले.

आधी ताईच्या नाकातून आवाज आला. तिने खोकल्यासारखं केलं. लिंबूने पाण्याचा पेला तोंडाला लावला, आणि तीच चूक झाली. पाणी टेबलभर उडालं. मग दोघींचा बांध जो फुटला तो फुटलाच. चोपन्न आणि अठ्ठावन्नच्या बायका आता छप्पन्न आणि साठच्या झाल्या होत्या, आणि शाळेत बाकाखाली डोकं घालून हसाव्यात तशा हसत होत्या. लिंबूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यातलं किती हसण्याचं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं. वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी तिने धोबीखात्याशेजारी दिवस काढले, ती गोष्ट खरी निघाली होती. सगळी नाही. पण निघाली होती. आकडेवाली हसू लागली, काका खांदे हलवत निःशब्द हसले, आणि प्रमुख "जरा गांभीर्य ठेवा" म्हणायला गेले ते 'गां' वरच अडकले आणि रुमालात तोंड लपवून बसले.

संध्याकाळी दोघी आईकडे गेल्या. आई सत्त्याऐंशीची, खिडकीशेजारच्या खुर्चीत रेडिओ कानाला लावून बसलेली. रस्ताभर त्यांचं भांडण चाललं होतं, लेखावर आधी कुणाचं नाव घालायचं यावरून, आणि गंमत म्हणजे दोघीही समोरचीचं नाव आधी घाला म्हणत होत्या. लिंबूने आईला सगळं सांगितलं, हिरड्या, दाह, प्लेटलेट, पाकीट. आईने रेडिओ बंद करून ऐकलं.

"दोन वर्षं एका खोलीत होतात," आई म्हणाली. "किती भांडलात?"

"चार दिवस," ताई म्हणाली.

"चारच?" आईला ते खरं वाटलं नाही. "पण लिंबे, मला तर एकही दात नाही. पंधरा वर्षं झाली. मग माझ्या त्या प्लेटलेट का काय, त्या शांत आहेत की कशा?"

लिंबूने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. दात गेलेली माणसं. हिरड्यांचा दाह मुळापासून संपलेली माणसं. त्यांचं रक्त तिने कधी तपासलंच नव्हतं. तिने ताईकडे पाहिलं. ताई आधीच पर्समध्ये कागद शोधत होती.

"माझ्याकडे कवळ्या बसवलेली दोनशे माणसं असतील," ताई म्हणाली. "साठ तरी येतील."

"शंभर आण."

"शंभर कुठून आणू? दात उपटत फिरू का?"

लिंबूने काकांना फोन लावला. निवृत्तीला त्यांचे आता काहीच महिने उरले होते, हे तिला घंटी वाजताना आठवलं आणि ती चपापली. पण तिकडून आवाज आला, तेव्हा तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"आईंचं रक्त आधी घ्यायचं," काका म्हणाले. "सकाळी आठला. उपाशीपोटी."

"काय म्हणतात ते?" आईने विचारलं.

"तुला सकाळी उपाशी राहायला सांगतात."

"मग आत्ता पोटभर खाऊन घेते," आई म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघराकडे चालू लागली.